आवाज येतो म्हणून टाकून द्यायचा?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही भांडायला.

गेले तीन आठवडे आमच्या घरात संगणकावरून वाद चालू आहे. वाद घरापुरता असता तर तुम्हाला त्रास दिला नसता, पण तो केव्हाच नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. पुण्याची आमची लेक, हिंजवडीत नोकरी करणारा भाचा, नाशिकचे मेहुणे, वरणगावची आक्का, सगळ्यांची मतं देऊन झाली. एकूण कौल असा, की मी हट्टी आहे, चिक्कू आहे, आणि नोकरीचं दीड वर्ष उरलेल्या माणसाला नव्याची भीती वाटते म्हणून मी जुन्याला चिकटून बसलोय. ग्रुपवर एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त कोणी वाचत नाही. म्हणून माझी बाजू इथे लिहितो. आक्काला कोणीतरी वाचून दाखवा.

आरोपी म्हणजे आमचा डेस्कटॉप. २०१४ च्या दिवाळीत जळगावच्या गोलाणी मार्केटमधून सुटे भाग घेऊन जोडून आणलेला. चौथ्या पिढीचा आय थ्री प्रोसेसर, तेव्हा चार जीबी रॅम (पुढे आठ केली), ५०० जीबीची हार्ड डिस्क. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली त्याचं टेबल. यंदा होळीनंतर त्याचा आवाज वाढायला लागला. आधी नुसती घरघर, मग एप्रिलमध्ये उन्हाने पंचेचाळीशी गाठली आणि सरळ पिठाची गिरणी. पहिली पाळी करून दुपारी मी जरा लिहायला बसलो, की आतून सौ.चा आवाज येणारच, "अहो, झालं का दळण?"

तिचं खोटं नाही, हे आधीच कबूल करतो. दुपारची तासभराची झोप हे तिचं एकमेव चैनीचं साधन, आणि भिंतीपलीकडे गिरणी. लेक सुटीत आली होती, तिने हे दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी मला न विचारता जळगावच्या एका दुकानात नवा संगणक सांगून टाकला. बेचाळीस हजार, वाढदिवसाची भेट. जुना एक्सचेंजमध्ये दिला की पंधराशे सूट.

शनिवारी दुकानाचा मुलगा खोका घेऊन दारात. नवा खाली ठेवला आणि जुन्याच्या वायरी काढायला लागला. मी विचारलं, "अरे, ह्यातली हार्ड डिस्क?" तर म्हणतो, "काका, ती त्याच्यातच येते. एक्सचेंज पूर्ण पीसवर असतं." मी म्हटलं, त्यात माझं सगळं आहे. तो म्हणाला, "फॉरमॅट करून टाकतात काका, टेन्शन नका घेऊ."

मी नवा खोका न उघडता परत पाठवला. दुकानाने पैसे परत केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण लेक रडली. "बाबा, तुमच्यासाठीच केलं ना मी?" असं म्हणून संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेली आणि आठवडाभर फोनवर फक्त आईशी बोलली. तेव्हा हे जे मी लिहितोय ते काही 'एका संगणकाची गंमत' वगैरे नाही. पोरीचं मन दुखावलंय आणि तरी मला वाटतं माझं बरोबर आहे. दोन्ही एकदम.

तर मुद्द्याकडे येतो.

दुकानदाराशी माझं आधी फोनवर बोलणं झालं होतं. मी विचारलं, आवाज येतोय, दुरुस्त होईल का? त्याने उलट विचारलं, किती साली घेतलाय? मी म्हटलं २०१४. "मग काका, लाइफ संपली त्याची." झालं निदान! कॅबिनेट उघडलं नाही, आवाज कसला येतो ते विचारलं नाही. जन्मसाल ऐकून डॉक्टरने मृत्यूचा दाखला लिहून द्यावा असला प्रकार. माझा राग तिथून सुरू झाला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, दीपनगर म्हणजे भुसावळहून वरणगावकडे जाताना हायवेला लागणारी औष्णिक वीज केंद्राची वसाहत. कोळसा रेल्वेने येतो, पाणी तापीवरच्या हतनूर धरणातून. मी इथे बॉयलर मेंटेनन्सला आहे. पूर्वीच्या वीज मंडळात लागलो, ६ जून २००५ ला मंडळाचे तुकडे झाले तेव्हा महानिर्मितीचा झालो. हयात गेली ती पंख्यांबरोबर. बॉयलरला हवा ढकलणारा एफडी फॅन, धूर ओढून चिमणीकडे पाठवणारा आयडी फॅन. ह्या आयडी फॅनच्या पात्यांवरून धुराबरोबर राख जात असते, ती पाती खात जाते. एक पातं दुसऱ्यापेक्षा हलकं झालं की तोल जातो, फॅन थरथरायला लागतो, बेअरिंग बोलायला लागतं. मग आम्ही काय करतो? थरथर मायक्रॉनमध्ये मोजतो, लॉगबुकात लिहितो, बेअरिंगचं तापमान बघतो, ग्रीस बघतो, शटडाऊन मिळालं की पात्यांवर वेल्डिंग करून तोल साधतो, गरज पडली तर बेअरिंग बदलतो. फॅनचा आवाज आला म्हणून बॉयलर विकायला काढा असं एखाद्या ज्युनियरने म्हटलं असतं, तर सगळ्या शिफ्टने त्याला आठवडाभर चहा पाजायला लावला असता.

जुन्या फिटर लोकांची एक पद्धत होती, ती मीही त्यांच्याकडूनच शिकलो. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगच्या हाऊसिंगला टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला. बाहेर कितीही गोंगाट असू दे, आतला आवाज सरळ डोक्यात येतो. बेअरिंग चांगलं असेल तर एकसारखी सूं, कोरडं पडलं असेल तर खरखर, गोळी फुटली असेल तर ठरावीक अंतराने टक्, टक्. आता मोजायची यंत्रं आहेत आणि ती चांगलीच आहेत, पण कानाची सवय जात नाही.

नवा खोका परत गेल्यावर रविवारी सकाळी मी तेच केलं. संगणक चालू ठेवला, प्लास्टिक मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कॅबिनेटला बाहेरून चार ठिकाणी लावून ऐकलं. सौ. दारात उभी राहून बघत होती. तिचा चेहरा मी वर्णन करत नाही.

आवाज एक नव्हता. तीन होते. मागे वर, एसएमपीएसपाशी, मोठी सूं. पण ती एकसारखी, त्याच्यात काही बिघाड नाही. मधे, प्रोसेसरच्या फॅनपाशी, खरखर. आणि खाली पुढे, हार्ड डिस्कपाशी, अधूनमधून एक बारीक टक्.

मग वायर काढून कॅबिनेट उघडलं. अकरा-बारा उन्हाळ्यांच्या वावटळी आणि हायवेची धूळ आत बसलेली. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं हीट सिंक असतं, त्या पट्ट्यांच्या फटीत धुळीची गोधडी. फॅन गोधडीवर वारा घालतोय आणि प्रोसेसर खाली भाजतोय. प्रोसेसर तापला की बोर्ड फॅनला सांगतो, जोरात फिर. फॅन जोरात फिरतो, अजून धूळ ओढतो. बायॉसमध्ये आकडे दिसतात ते मी आधीच लिहून ठेवले होते : ८४ अंश, फॅन मिनिटाला २,८०० फेरे.

हातपंपाने आणि रंगाच्या कोरड्या ब्रशने साफ केलं. (ब्लोअर लावणार असाल तर फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगाने फिरतं आणि आहे ते बेअरिंगही जातं.) हीट सिंक आणि प्रोसेसरमधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. फॅनच्या मधल्या स्टिकरखाली शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. एसएमपीएस मी उघडला नाही, तुम्हीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्यातले कपॅसिटर वीज धरून ठेवतात.

पुन्हा चालू केला. ५८ अंश, १,९०० फेरे.

पंख्यांचा एक जुना नियम आहे, आमच्याकडच्या महाकाय पंख्यांना लागू तसाच ह्या बोटभर पात्यांना. हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, पण आवाज त्यापेक्षा कितीतरी पटीने वाढतो. वेग दुप्पट केला तर आवाज साधारण पंधरा डेसिबलने चढतो. २,८०० वरून १,९०० वर आलो म्हणजे आठेक डेसिबल खाली, आणि दहा डेसिबल उतरले की माणसाच्या कानाला आवाज निम्मा वाटतो. खरखर गेली ती वेगळीच. खर्च म्हणाल तर पेस्टचे दीडशे रुपये, तेल सौ.च्या मशीनचं.

त्या दुपारी दळणाची चौकशी झाली नाही.

इथपर्यंतचं मी ग्रुपवर टाकलं तेव्हा नाशिकच्या मेहुण्यांनी मला कोंडीत पकडलं. ते लिहितात, "भाऊजी, तुमच्या दीपनगरातच जुने संच मोडीत काढले ना? तिथे का नाही दोन थेंब तेल घातलंत?" खाली हसण्याची चित्रं, आणि त्याला सात जणांचे अंगठे.

प्रश्न चांगला आहे आणि उत्तर द्यायलाच हवं. आमचा पहिला संच ६२.५ मेगावॉटचा, १९६८ सालचा. दुसरा आणि तिसरा २१० मेगावॉटचे, १९७९ आणि १९८२ चे. पुढे पाचशे-पाचशेचे दोन आले, आणि आता ६६० मेगावॉटचा सहावा, सुपरक्रिटिकल. पहिला मोडीत निघाला, दुसराही बंद झाला, खरं आहे. पण का? पहिला चाळीसेक वर्षं चालला. एवढ्या वर्षांत त्याची किती ओव्हरहॉलिंग झाली असतील, किती नळ्या आणि किती बेअरिंगं बदलली असतील त्याची गणती नाही. शेवटी हिशोब बसेना. एक युनिट वीज काढायला तो जितका कोळसा खायचा, त्यापेक्षा नवा संच बराच कमी खातो. दाब २२१ बारच्या वर नेला की पाणी उकळून वाफ होण्याचा टप्पाच राहत नाही, आणि तेवढ्याच कोळशात वीज जास्त मिळते. हे सगळं कागदावर मांडून, वर्षानुवर्षांची लॉगबुकं समोर ठेवून ठरलं. माझं म्हणणं इतकंच, की संगणकाचाही असा हिशोब मांडा आणि मग खुशाल मोडीत काढा. मेहुणेबुवा, तुम्ही मांडलात का?

मी मांडला. प्लगला लावायचा मीटर माझ्याकडे आहे. जुना संगणक साध्या कामाला ६५ वॉट घेतो. लेकीने सांगितलेल्यासारखे नवे छोटे डबे १५ वॉटच्या आसपास घेतात. फरक ५० वॉट. रोज चार तास म्हणजे वर्षाला ७३ युनिट. युनिटला नऊ रुपये धरा, साडेसहाशे रुपये झाले. बेचाळीस हजार ह्या बचतीतून वसूल व्हायला पासष्ट वर्षं लागतील. मी तेव्हा नसेन, संगणकही नसेल.

पैशाचं सोडा, कोळशात बोलू, ती आमची भाषा. युनिटला ढोबळ सातशे ग्रॅम कोळसा धरला तर ७३ युनिटला पन्नास किलो. म्हणजे माझ्या हट्टापायी वर्षाला एक पोतं कोळसा जास्त जळतो. हे मला मान्य आहे, ते काही कमी नाही. पण नवा संगणक आभाळातून पडत नाही. टोकियोच्या संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने २००४ साली एक अभ्यास काढला होता : एक डेस्कटॉप आणि सतरा इंची काचेचा मॉनिटर बनवायला २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायनं आणि १,५०० किलो पाणी लागतं. एका मोटारीच्या वजनाइतका ऐवज टेबलावरच्या एका वस्तूसाठी. आजचा छोटा डबा त्यापेक्षा कमी खात असेल, निम्मं धरा. म्हणजे १२० किलो तो विकत घेण्याआधीच जळालेलं. वर्षाला पन्नास किलो वाचवून त्याची परतफेड व्हायला अडीच वर्षं. तोवर तो नवाही 'जुना' होईल आणि एखादा भाचा म्हणेल, मामा, फेका तो डबा.

आणि भाचेबुवांचंच म्हणणं आता घेतो, कारण सगळ्यांत त्याचं वजनदार आहे. त्याने आवाजाबद्दल शब्द काढला नाही. तो म्हणाला, "मामा, आवाज जाऊ दे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुझ्या मशीनवर ११ चढणार नाही. सुरक्षेचं काय करणार? पेन्शनचं बँकेचं सगळं ह्याच्यावरूनच करणार ना?"

हे खरं आहे. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं तेव्हाच अट होती : टीपीएम २.० ही चीप हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा. आठवी पिढी २०१७ ला आली. म्हणजे २०१६ च्या डिसेंबरात कोणी नवाकोरा घेतला असेल तर तोही बादच. सुरक्षेसाठी अशी चीप असावी ह्याला माझी ना नाही, नव्या यंत्रात जरूर घाला. पण चालू यंत्राला फाटकाबाहेर उभं करून दुरुस्त्या बंद करायच्या, आणि मग तेच असुरक्षित झालं म्हणून ओरडायचं, ह्याला काय म्हणावं? वर्षभराच्या वाढीव मुदतीची सोय दिली खरी. पण ती मुदत आहे, उपाय नाही. जगभरातले किती चांगले संगणक ह्या एका तारखेने भंगारात गेले असतील ह्याचा विचार करा, आणि ह्यातल्या एकाचंही बेअरिंग गेलेलं नव्हतं.

आणि भंगार म्हणजे कुठे? ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, कागदावर छान आहे. प्रत्यक्षात आपल्या दारावर येतो तो भंगारवाला. त्याच्याकडून माल जात जात दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत पोचतो, तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात आणि सोन्याच्या कणांसाठी बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात. हे काम करणाऱ्यांत पोरंही असतात. आमच्या पंधराशेच्या सुटीचा दुसरा टोक तिथे आहे.

भाच्याला मी म्हटलं, बाबा रे, मला दुसरा रस्ता दाखव. आणि गंमत बघा, ह्या पोरानेच दाखवला! शुक्रवारी रात्री व्हिडिओ कॉलवर दोन तास बसून त्याने माझ्याकडून लिनक्स मिंट चढवून घेतलं. फुकट. सुरक्षेचे अपडेट नियमित येतात, बँकेची साइट उघडते, छापायला प्रिंटरही सापडला (दुसऱ्या प्रयत्नात). अडलं ते मराठीपाशी. माझ्यासारख्या जुन्या ब्लॉगवाल्यांना आठवत असेल, आपण सगळे बरहा वापरून रोमनमधून टंकायचो. ते विंडोजचं. इथे इनस्क्रिप्ट आहे, त्याची बोटांना सवय नाही. हा लेख मी इनस्क्रिप्टवर तीन संध्याकाळी टंकलाय, ज्ञ आणि क्ष शोधताना घाम फुटला. शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर अर्ध्या माझ्या, अर्ध्या बोटांच्या.

म्हणजे नव्याची भीती हा आरोप तरी आता मागे घ्या. नवा खोका उघडून बसणं ह्यापेक्षा पुष्कळ सोपं होतं.

उलट बाजूलाही दोन शब्द. माझ्या पहिल्या मेसेजनंतर वसाहतीतल्या एका मित्राने टाळी दिली, "बरोबर बोलला भो, जुनं ते सोनं!" नाही. असलं काही मी म्हणत नाही. मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगले असतील, बोर्ड जळाला असेल, तुमच्या पोराला व्हिडिओचं काम करायचं असेल आणि यंत्राला ते झेपत नसेल, तर बदला. २००४ च्या सुमाराचे पेंटियम ४ आठवतात? त्यांचा प्रोसेसरच शंभर वॉटच्या घरात उष्णता टाकायचा, त्यांना कितीही तेल घाला, ते बोंबलणारच. पुढे कोअर टू ड्युओ आला, ६५ वॉटमध्ये जास्त काम करायला लागला, तेव्हा बदलणारे शहाणे होते. मी स्वतः तेव्हा बदलला. उघडून बघा, मोजा, मग ठरवा, एवढंच मी म्हणतो. न उघडता ठेवणारा आणि न उघडता फेकणारा, मला दोघांत फरक दिसत नाही.

आता माझ्या चुकीबद्दल. ही ग्रुपवर लिहिली नव्हती.

तिसरा आवाज, खालचा तो टक्. हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ७,२०० फेरे घेत असतात आणि वाचणारी सुई त्यांच्यावर केसाहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. फॅनची खरखर म्हणजे सर्दी. हा टक् म्हणजे छातीतली कळ. अशी डिस्क आज जाईल, वर्षाने जाईल, सांगता येत नाही, आणि जाते तेव्हा पुन्हा चालू होत नाही. माझ्याकडे त्या डिस्कची प्रत नव्हती. इतक्या वर्षांत एकदाही काढली नव्हती. हयातभर लॉगबुकं लिहिलेल्या, दुसऱ्यांना स्टँडबाय पंपाचे धडे देणाऱ्या माणसाने.

त्या डिस्कवर माझं लिखाण आहे, ते गेलं तरी कोणी रडणार नाही. पण २०१६ च्या हिवाळ्यात माय आमच्याकडे महिनाभर राहायला आली होती. यावल तालुक्यातलं तिचं माहेर. जात्यावरच्या ओव्या तिला किती येत होत्या ते आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. मी पंचवीस रुपयांचा माइक संगणकाला लावला, आणि ती रोज दुपारी समोर खुर्चीत बसून तिच्या लेवा बोलीत म्हणत गेली. सव्वीस दुपारी. २०१९ ला ती गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. फोनमध्ये नाही, कॅसेटवर नाही.

हे सगळं त्या शनिवारी दारातल्या मुलाच्या हातात होतं, पंधराशे रुपयांना. लेकीला मी तेव्हा हे नीट सांगू शकलो नाही, नुसता ओरडलो. तिलाही आजीच्या ओव्यांचं माहीत होतं, पण त्या ह्या डब्यात आहेत, आणि फक्त ह्याच डब्यात, हे माहीत नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं. आणि डिस्क मरायला टेकलीय म्हणून काहीतरी ताबडतोब करायला हवं, हे तिचं म्हणणं, कारण न कळता का होईना, शंभर टक्के बरोबर होतं. मी दोन महिने 'आवाजाने काय होतं' म्हणत बसलो असतो तर ओव्या गेल्या असत्या.

रविवारीच, साफसफाई झाल्यावर, दुसरं काही न करता सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर काढलं. एकदा नाही, दोनदा. एक प्रत आता लेकीकडे पुण्याला जाईल. मग सोमवारी भुसावळहून २५६ जीबीची एसएसडी आणली. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, म्हणून आवाजही नाही. भाच्याने मिंट चढवून घेतलं ते तिच्यावरच. जुनी डिस्क काढून कापडात गुंडाळून कपाटात ठेवलीय. एकंदर खर्च, बाहेरच्या डिस्कसकट, सात हजारांच्या आत. (२०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले नसते तर आणखी कमी झाला असता.)

प्रत निघत होती तेव्हा मी एक ओवी लावून बघितली, फाइल नीट आली का म्हणून. सौ. आतून येऊन उभी राहिली. मायच्या आवाजामागे बारीक घूं ऐकू येते, हाच संगणक, तेव्हा दोन वर्षांचा होता. मधेच माय थांबते आणि म्हणते, हे काय घूं घूं करतं रे, बंद कर ना. आणि माझा आवाज येतो : "बंद केलं तर तुझं कसं येईल त्याच्यात?"

ती फाइल मी लेकीला पाठवली, बाकी काही लिहिलं नाही. रात्री तिचा फोन आला, पहिल्यांदा मला. बराच वेळ आजीबद्दल बोललो. शेवटी म्हणाली, बेचाळीस हजार परत आलेत, त्यातून तुम्हाला चांगली खुर्ची घेऊ का, ती खुर्चीही करकरते. मी म्हटलं, थांब, आधी तिचा बोल्ट बघतो.

सध्या एसएमपीएसची सूं तेवढी उरली आहे. त्याचाही फॅन बदलून मिळतो असं भुसावळचा एक कारागीर म्हणतो, चारशे रुपयांत. पुढच्या सुटीला नेणार आहे.